मुळाच्या चूर्णात पानांची रंध्रे येतात कुठून?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,

अश्वगंधा चूर्णात मूळच असावे, पाला नसावा, अशी लेखी सूचना केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना दिली. ती पाळली जाते की नाही, हे केवळ विथानोलाइड या अश्वगंधेतील औषधी घटकांच्या आकड्यावरून ठरवता येणार नाही. विथानोलाइड पानांतही असतात, त्यांपैकी विथाफेरिन-ए तर चांगल्या प्रमाणात. त्यामुळे स्वस्त पाला दळून मिसळला तरी आकडा गाठला जातो आणि अहवाल निर्दोष येतो.

सूक्ष्मदर्शकापुढे ही चलाखी टिकत नाही. चिमूटभर चूर्ण क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात गरम करून काचपट्टीवर घेतले, की हरितद्रव्य निघून जाते आणि पेशींच्या भिंती स्वच्छ दिसू लागतात. मुळाला पर्णरंध्रे, म्हणजे पानांवर असतात ती सूक्ष्म छिद्रे, नसतात. त्यामुळे तीन असमान पेशींनी वेढलेली रंध्रे, झाडासारखे फाटे फुटलेले केस आणि खांबांसारख्या उभ्या पेशींचे तुकडे दिसू लागले, की त्यात पाला आहे हे उघड होते. (एखादे रंध्र अपघाताने येऊ शकते, जिकडे पाहावे तिकडे दिसू लागली, तर तो अपघात नव्हे.) स्टार्च पाहण्यासाठी मात्र वेगळी काचपट्टी साध्या पाण्यात करावी लागते, कारण क्लोरल हायड्रेटमध्ये स्टार्च विरघळतो. तिथे आयोडीनचा थेंब सोडला, की मुळातले कण निळेकाळे होतात.

पानेच औषध असतात तिथेही हीच कसोटी लागू पडते. अडुळशात महारुखाच्या पानांची भेसळ होते. वाळून चुरा झाल्यावर दोन्ही ओळखणे अनुभवी व्यापाऱ्यालाही कठीण जाते. पण अडुळशाच्या पानात कॅल्शियम कार्बोनेटचे सिस्टोलिथ, म्हणजे पेशींतले सूक्ष्म खडे, असतात, महारुखात नसतात.

भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात चूर्णाची सूक्ष्मदर्शीय लक्षणे दिलेली आहेत; त्यामुळे नवा कायदा मागण्याचे कारण नाही. आपले औषध निरीक्षक जे नमुने घेतात, त्यांच्या विश्लेषण अहवालात या लक्षणांची नोंद छायाचित्रासह सक्तीची करावी, ती करू शकणारे औषधी वनस्पतींचे जाणकार शासकीय प्रयोगशाळांत नेमावेत, आणि अस्सल वनस्पतींपासून केलेल्या संदर्भ काचपट्ट्यांचा संच प्रत्येक प्रयोगशाळेत ठेवावा. एवढे सगळे एकदम शक्य नसेल, तर सुरुवात बाजारातल्या अश्वगंधा चूर्णापासून करावी आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवावेत, ही विनंती.

आपला नम्र,
औषधी वनस्पतिशास्त्राचा एक शिक्षक