कायनेटिकच्या पॅनेलचं सामान

पुणे,
१२ नोव्हेंबर

प्रिय विनू,

पत्र आणि तुटलेल्या पॅनेलचे फोटो मिळाले. तुकडे सगळे जपून ठेवलेस हे फार बरं केलंस. ते मागून चिकटवून, भेगा पुट्टीने बुजवून त्याच्यावरच साचा काढता येईल आणि त्या साच्यात फायबरचं नवं पॅनेल करता येईल. याच कायनेटिक होंडा स्कूटरवरून काकूंनी आपल्याला दहावीच्या पेपरांना सोडलं होतं. ती पुन्हा रस्त्यावर यावी असं मलाही मनापासून वाटतं.

सगळं सामान एसटीच्या पार्सलने पाठव म्हणालास. काचेच्या तंतूंची मॅट, मेणाचं पॉलिश, हवा काढायचा खाचांचा रोलर आणि मास्क पाठवतो. मॅट भिजवायचं पातळ रेझिन आणि ते घट्ट करणारं कॅटॅलिस्ट पाठवणार नाही, रागावू नकोस. कॅटॅलिस्ट म्हणजे एमईकेपी, सेंद्रिय पेरॉक्साइड. बसच्या डिकीत तापलेली, कलंडलेली ती बाटली मला डोळ्यांपुढे आणवत नाही. रेझिनमधलं स्टायरिनही पेट घेणारं.

दोन्ही कोल्हापुरातच घे, पण दुकानात धूळ खात पडलेला डबा उचलू नकोस. पॉलिएस्टर रेझिन थंड जागी ठेवलं तरी साधारण सहा महिनेच टिकतं. मी एकदा तारीख न विचारता जुना डबा आणला. तळाशी जेली धरली होती आणि तीन दिवस थांबूनही पॅनेल चिकटच राहिलं. त्यापेक्षा उद्यमनगर किंवा शिरोलीकडे फायबरच्या टाक्या, मूर्ती असलं काम करणारा कुणीतरी गाठ. ज्याचं पिंप महिन्याभरात रिकामं होतं, त्याच्याकडचा माल ताजा. त्याच्याकडूनच रेझिन, जेलकोट (पॅनेलचा बाहेरचा रंगीत थर) आणि कॅटॅलिस्ट मागून घे, म्हणजे एकाचं दुसऱ्याशी जुळेल.

किती लागेल? पॅनेल ०.३ चौरस मीटर धर. चौरस मीटरला ४५० ग्रॅम भरणाऱ्या मॅटचे दोन थर म्हणजे २७० ग्रॅम काच, जाडी सुमारे २ मिमी. रेझिन काचेच्या अडीचपट, म्हणजे ६७५ ग्रॅम. साच्याला त्याच्या दुप्पट. पहिलं पॅनेल बिघडेल असं धरलं तरी तीन किलोत भागतं.

आता हे नीट वाच. रेझिन घेताना ‘कोबाल्ट घातलेलं आहे का’ हे विचारच; ते रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात. घातलेलंच घे, त्याला बहुतेक वेळा गुलाबी-जांभळट छटा असते. नाही तर कोबाल्टची वेगळी बाटली देतील आणि ती बाटली तुझ्या घरात यायलाच नको. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, स्फोटही होतो. विनू, तुझ्या शेडमध्ये पोरं खेळतात. कॅटॅलिस्ट मूळच्या प्लास्टिकच्या बाटलीतच, उन्हापासून लांब, कुलपात ठेव. शंभर ग्रॅम रेझिनला एक ते दीड ग्रॅम पुरतं. ते मोजताना चष्मा हवाच. डोळ्यात एक थेंब गेला तरी दृष्टी जाऊ शकते.

‘इपॉक्सी भारी’ म्हणून कुणी ते दुसऱ्या जातीचं रेझिन गळ्यात मारलं तर या मॅटसाठी घेऊ नकोस. मॅटमधल्या काचेच्या तंतूंना धरून ठेवणारा चिकटा स्टायरिनमध्ये विरघळतो, म्हणून ती मऊ पडून साच्याच्या कोपऱ्यात बसते. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, मॅट पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. इपॉक्सीला काचेचं विणलेलं कापड लागतं आणि ते महाग.

एक खबरदारी मात्र घे. एबीएससारखं प्लास्टिक स्टायरिनने वितळतं. जुन्या पॅनेलच्या आतल्या बाजूला आधी रेझिनचा थेंब लावून बघ. पृष्ठभाग मऊ पडला तर नुसत्या मेणावर विसंबू नकोस, वरून पीव्हीएचे, म्हणजे साचा चिकटू नये म्हणून लावायच्या द्रवाचे, दोन हात दे आणि ते पुरते सुकू दे. पीव्हीए मी बाटलीत भरून पाठवतोय, ते पाण्यात धुऊन निघतं.

मास्क कापडी नव्हे, रासायनिक वाफांच्या फिल्टरचा आहे. काम उघड्यावरच कर. उरलेलं रेझिन मगमध्ये तसंच ठेवू नकोस, तापून धूर सुटतो. पसरट पत्र्यावर ओतून टाक.

पार्सल गुरुवारी सुटेल. मॅट घडी न घालता गुंडाळलीय, तशीच कोरड्या जागी उभी ठेव. काकूंना नमस्कार सांग, आणि जेलकोटचा रंग ठरवण्याआधी त्यांना विचार.

तुझा,
श्री