मंद्या, बंटीनं गाणी पाठवलीत

पुणे, रविवार

मंद्या,

फोनवर हे जमलं नसतं. तू "थांब थांब, मीटिंग आहे" म्हणून उठतोस आणि माझं मुद्द्याचं तसंच राहतं. म्हणून लिहितोय. तब्येत ठीक, पाठ कुरकुरते, सोड ते.

बंटीनं पाच गाणी पाठवलीत. त्याच्या गेलेल्या दादाच्या, आपल्या संद्याच्या फोनमध्ये जी तुकड्या-तुकड्यांची रेकॉर्डिंग्ज होती ना, त्यातले रिफ, म्हणजे गिटारचे ते परत परत येणारे तुकडे, घेऊन त्यानं आणि त्याच्या पोरांनी गाणी पूर्ण केली. खाली एकच ओळ: "अभीदादा, खरं खरं सांग." आता खरं खरं काय सांगू, कप्पाळ?

तिसरं गाणं सुरू होतं ते थेट संद्याच्या फोनमधून. तोच ड्रॉप सीमधला, तारा खाली उतरवून वाजवलेला रिफ. मागे कुकरची शिट्टी, काकू काहीतरी विचारतात, आणि हा पठ्ठ्या हात न थांबवता म्हणतो, "दोनच पोळ्या." बंटीनं ते ठेवलंय, त्याला पैकीच्या पैकी. मग ड्रम येतात, तोच रिफ बंटीनं नव्यानं वाजवलेला, आणि सगळं क्लिकवर, मेट्रोनोमच्या ठोक्याला बांधलेलं. गाणं जड-संथ होतं त्या ब्रेकडाउनच्या तोंडाशी संद्या कायम केसभर आधी घुसायचा, ते गेलं. कॉम्प्युटरवर ओढून रेघेत बसवलंय. तू हसशील. ज्या घुसण्यावरून तू त्याला काठी फेकून मारलीस, जॅमरूमचं भाडं भरून तासभर भांडलात आणि मी बेसच्या तारा पुसत बसलो, ते पोरानं माऊस फिरवून मिटवलं. तू जिंकलास. आणि मला ते गाणं आवडलं नाही, मंद्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रडलो, दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा आवडलं नाही.

मग आर्किटेक्ट्स लावलं, आपला तो ब्रिटिश मेटल बँड. अल्बम 'होली हेल'. तू आता कपाळाला हात लावला असशील, पण ऐक.

२०१६च्या मे महिन्यात त्यांचा 'ऑल अवर गॉड्स हॅव अबँडन्ड अस' आला तेव्हा आपण काय म्हणत होतो? जगावरचा राग, धर्माला शिव्या, भारी. त्यांची गाणी लिहिणारा गिटारिस्ट टॉम सर्ल तीन वर्षं कॅन्सरशी झगडतोय हे त्यांनी बाहेर कळू दिलं नव्हतं. २० ऑगस्टला तो गेला, २८ व्या वर्षी, आणि तीच गाणी, एक अक्षर इकडचं तिकडे न होता, दवाखान्यातली झाली. 'गॉन विथ द विंड' सुरू झालं की मी अजूनही पुढे ढकलतो. म्हणजे मत म्हणून आपण जे छातीठोक सांगतो, त्यातलं गाण्याचं किती आणि आपल्याला ठाऊक असलेल्या बातमीचं किती?

'होली हेल' तर बातमी आधी कळूनच आला, ९ नोव्हेंबर २०१८ला. शब्द डॅनचे, जुळ्या भावाचे, जो इतकी वर्षं मागे ड्रमवर बसलेला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. ऐकणाऱ्यांत दोन तट: एक ओक्साबोक्शी रडणारे, दुसरे "मागच्याची झेरॉक्स" म्हणणारे. गायक सॅम कार्टरचं तेच ओकारीसारखं 'ब्लेऽह', तीच व्हायोलिनं, तेच ब्रेकडाउन, आणि आवाज इतका ठासून भरलेला की हळू असं काही उरतच नाही. तू दुसऱ्या तटाचा पुढारी. "सहानुभूतीचे मार्क आहेत हे" असं तू माझ्याच घरात, माझीच भजी खात म्हणालास, आणि महिनाभर आपण बोललो नाही.

माझं म्हणणं तेव्हा होतं तेच आज आहे. ते तेच-तेच असणं आळसाचं नाही. गेलेल्या माणसाची खोली घरात जशीच्या तशी ठेवतात, तसं डॅननं भावाचं वाजवणं ठेवलं. नवा गिटारिस्ट जॉश मिडलटन सिलोसिसचा, म्हणजे स्वतःच्या बँडमध्ये बोटं सुसाट सोडणारा गडी. इथे त्यानं हात आवरलेत. आता त्यासाठी मार्क द्यायचे की कापायचे? मधली काही गाणी एकमेकांत मिसळतात, हे तुझं बरोबर होतं, घे, लेखी देतो. पण 'द सेव्हन्थ सर्कल' दोन मिनिटांच्या आत येऊन तुडवून जातं, तिथे कसली सहानुभूती रे? आणि २०२१मध्ये त्यांनी वाट बदलली, ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या नंबरवर गेला, तेव्हा "तेच तेच" ओरडणारेच "रेडिओवाले झाले" म्हणून बोंबलले. त्यातही तू होतासच.

संद्यानं काय म्हटलं होतं आठवतंय? आपण दोघं हमरीतुमरीवर, आणि हा बशीत चहा ओतत म्हणतो, "डूम्सडे एक नंबर. बाकीचं जरा जास्तच व्यवस्थित झालंय." डूम्सडे म्हणजे 'होली हेल'मधलं, टॉमनं अर्धवट सोडलेलं, बाकीच्यांनी पुरं केलेलं. तेव्हा मी ते संद्याचं नेहमीचं फेकणं समजून सोडून दिलं होतं.

समीक्षकाचं बरं असतं. डॅन सर्ल त्याच्याकडे दिवाळीला चकल्या घेऊन येत नाही. बंटी येतो. काकूंनी डबा दिलेला असतो आणि तो दारात उभा राहून विचारतो, "ऐकलंत?"

गाणारा पोरगा नुसता घशातून ओरडतो, असाच ओरडला तर आवाज घालवून बसेल. ते मी सांगेन, त्यात अवघड काही नाही. (तुला आपला वॉचमन आठवतोय का, "बाथरूममध्ये कोणी अडकलंय का" म्हणून बेल वाजवणारा?) अवघड आहे ते रिफचं. बंटी तेव्हा शाळेत होता, त्यानं आपल्याला तिघांना एकत्र वाजवताना धड ऐकलेलंच नाही. त्याच्यासाठी ते केसभर आधी घुसणं म्हणजे दादाचं चुकलेलं. त्यानं ते प्रेमानं झाकलंय. मी कुठल्या तोंडानं सांगू की झाकलंस तोच दादा होता?

म्हणून हे काम तुझं. मी सांगितलं तर त्याला वाटेल, हा जुन्या आठवणींनी हळवा झालाय. तू, ज्यानं त्या घुसण्यावरून आयुष्यभर बोंब मारली, तू म्हणालास "तिथे क्लिक काढ" तर तो ऐकेल. तुझ्या निळ्या हार्ड डिस्कवर शेवटच्या जॅमचं रेकॉर्डिंग आहे, ज्यात तू त्याच्या मागे धावत जाऊन बरोबर पकडतोस आणि मग शिवी देतोस. ते शिवीसकट त्याला पाठव.

तुझ्या घराच्या कर्जाचं झालं का? मेघाची जर्मनची परीक्षा? तिला ऑल द बेस्ट सांग. तुझ्या आईंना भेटून आलो, गुडघा बरा आहे, तुझ्यावर रागावल्यात, फोन कर.

बंटीला मी सध्या "ऐकतोय" एवढंच कळवलंय. त्याच्यावर फार दिवस निघणार नाहीत, तेव्हा डिस्क शोध. आणि त्याच खोक्यात ॲम्पची केबल असेल, ती माझी आहे.

अभ्या