नऊ जून, नऊ डिसेंबर

बर्लिन

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी इथली संसद, राइशस्टाग, पाहून आले. पैसे पडत नाहीत, आधी नाव नोंदवावं लागतं. वर काचेचा घुमट आहे. त्यात गोल गोल चढत जायचं, आणि खाली थेट खासदारांचं सभागृह दिसतं. १९३३ साली ही इमारत जळाली, पुढे युद्धात खिळखिळी झाली. हा घुमट १९९९चा. आतल्या भिंतींवर १९४५ साली रशियन सैनिकांनी कोळशाने, खडूने लिहिलेली नावं अजून आहेत. हरलेल्या देशाने ती जपून ठेवली. एका नावासमोर मी बराच वेळ उभी होते.

पण खरी अडकले ती कोनशिलेच्या तारखेपाशी. ९ जून १८८४. बाबा, आपल्या मुंबई महापालिकेच्या इमारतीची ९ डिसेंबर १८८४, तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतलेली! बरोबर सहा महिने. इथे बादशहाने पाया घातला. आपल्याकडे घातला लॉर्ड रिपनने, ज्याने दोनच वर्षं आधी स्थानिक स्वराज्याचा ठराव आणला होता. मला आपलीच कोनशिला मोठी वाटली. आपली इमारत १८९३ला उभी राहिली, ही १८९४ला.

तुमच्या पगाराच्या दिवशी आई आणि मी फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी थांबायचो. मान मोडेस्तोवर मी तो २५५ फुटी मनोरा बघायचे आणि त्याखालची पंखवाली बाई. समोरचं बोरीबंदर स्टेशनही आपल्या इमारतीचा आराखडा करणाऱ्या स्टीव्हन्ससाहेबाचंच, हे तुम्ही तिथेच सांगितलं होतंत. आणि तुमचा आवडता हिशेब: मंजूर ११,८८,०८२ रुपये, खर्च ११,१९,९६९. कोनशिलेपासून इमारत पुरी व्हायला जवळजवळ नऊ वर्षं गेली, तरी अडुसष्ट हजार वाचले. ही रक्कम सांगताना तुमचा आवाज बदलायचा, तो इथे घुमटात उभी असताना ऐकू आला.

एवढं असून पालिकेचं सभागृह मी एकदाही पाहिलेलं नाही. परक्यांची संसद आतून पाहिली आणि आपलंच घर राहिलं, याचं फार वाईट वाटलं. २०२१पासून शनिवार-रविवारी लोकांना आत नेऊन इमारत दाखवायला सुरुवात झाली आहे ना? मी डिसेंबरात येतेय. तिघांची नावं घालाल का? आईच्या गुडघ्याचं बघून, जिने किती ते आधी विचारून ठेवा. तुमचं टेबल कुठे होतं तेही मला दाखवा.

तुमची,
सुमा