व्हिस्कीच्या लेबलवर धान्य छापा

संपादक महोदय,

पुतण्याने अमेरिकेहून आणलेली 'बूराय' ही व्हिस्की चाखली. यूटा राज्यातल्या हाय वेस्ट या मद्य कारखान्याचे हे बर्बन (मुख्यतः मक्याची व्हिस्की) आणि राय (मुख्यतः 'राय' या गव्हासारख्या धान्याची व्हिस्की) यांचे मिश्रण. आधी मक्याचा गोडवा नि व्हॅनिला, मग रायचा मिरीसारखा तिखटपणा, तो घशात बराच वेळ रेंगाळतो. थोडे पाणी घातल्यावर पिंपाच्या ओक लाकडाचा कडवटपणा मागे सरला, वास खुलला. फार आवडली; बर्फ मात्र नको.

तिकडे बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका, रायमध्ये तितकेच राय धान्य, आणि आतून जाळलेली नवी ओकची पिंपे, हे कायद्यानेच बंधनकारक. आपल्याकडे उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटचीही व्हिस्की होते. आमच्या बेळगाव जिल्ह्यात ऊस आणि मका दोन्ही पिकतात. बाटलीत त्यातले काय उतरले, हे लेबलवर ठळक छापलेच पाहिजे.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)