‘फिटनेस’च्या कागदावर घोरण्याचा रकाना नाही

महोदय,

शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाला ‘फिटनेस’ आणायला पाठवतात. ईसीजी, रक्तदाब, खाली सही. त्या कागदावर घोरण्याचा उल्लेख सहसा नसतो आणि भूलतज्ज्ञाला तर तोच आधी हवा असतो.

मोठ्यानं घोरणं हे स्लीप ॲप्निया या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यात झोपेत घसा मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो. मग मेंदू दचकतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं हे दचकणंच बोथट करतात. ऑपरेशन टेबलावर श्वासाची नळी असते, माणूस हजर असतो. खरी काळजी नंतरच्या रात्रींची, वॉर्डातली. त्यात नाकाला ऑक्सिजन लावलेला असला की बोटावरच्या चिमट्यातला ऑक्सिजनचा आकडा चांगला दिसत राहतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो. आकडा घसरेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे आणि रुग्ण हाकेला ओ देतो का तेही पाहायचं.

ॲप्नियाचा धोका असलेले रुग्ण ओळखायच्या पहिल्या चाळणीला यंत्र लागत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेली ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली आठ प्रश्नांची आहे: मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहणं, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष असणं. तीन-चार ‘हो’ म्हणजे मध्यम धोका, पाच किंवा जास्त म्हणजे मोठा. घोरण्याबद्दल रुग्णाला विचारून उपयोग नाही, त्याच खोलीत झोपणाऱ्याला विचारा! गुण जास्त आणि रक्तातलं बायकार्बोनेट (कार्बन डायऑक्साइड साठत आल्याची खूण) लिटरमागे २८ मिलिमोल किंवा त्याहून अधिक असेल, तर संशय आणखी बळावतो.

हृदयाचंही तसंच. स्वस्थ पडून काढलेला ईसीजी निर्दोष आला तरी रक्तवाहिनी अरुंद असू शकते. दोन जिने न थांबता चढता येतात का, हा प्रश्न जास्त सांगून जातो. (गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणाऱ्याच्या बाबतीत अर्थात नाही.) हार्ट अटॅकनंतर तातडी नसलेली शस्त्रक्रिया निदान ६० दिवस थांबवावी. स्टेंट असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय बंद करू नयेत, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) आधीपासून चालू असेल तर चालू ठेवावा. मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्यानं सुरू करू नये. २००८ च्याच ‘पॉइज’ चाचणीत अशा रुग्णांमध्ये हार्ट अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले.

हे सगळं आदल्या संध्याकाळी विचारून भागत नाही. झोपेची तपासणी, सीपॅपची (मास्कमधून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राची) सवय, औषधांतले बदल यांना दोन-तीन आठवडे लागतात. शस्त्रक्रिया तातडीची असेल तर तपासणीसाठी अडवून ठेवू नये. ॲप्निया आहेच असं धरून चालावं. शक्य तिथे फक्त तेवढाच भाग बधिर करावा, मॉर्फिन कमीत कमी द्यावं, उताणं न झोपवता उशाकडची बाजू ३० अंश उचलावी.

घरी सीपॅप वापरणाऱ्यांनी यंत्र आणि स्वतःचा मास्क बरोबर आणावा. रुग्णालयातला मास्क चेहऱ्याला बसेलच असं नाही, आणि कडेनं हवा निसटत असेल तर यंत्र लावूनही घसा मिटायचा तो मिटतोच.

— एक भूलतज्ज्ञ