ट्रंकेतली पत्रे वाचवू या : वाचनालयाचे कळकळीचे आवाहन

आजी-माजी सैनिक, वीरमाता, वीरपत्नी, समस्त ग्रामस्थ आणि मुंबई-पुण्याची मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

आपला सातारा हा फौजींचा जिल्हा. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. आपल्याही गावात फौजी नाही असे घर शोधावे लागेल. त्या घरांच्या माळ्यावर काळी ट्रंक आहे आणि ट्रंकेत पत्रांचा गठ्ठा. त्या गठ्ठ्यांसाठी हे लिहीत आहे.

वाचनालयात पत्रे जपण्याचे हे काम सुरू झाले वरच्या आळीच्या कै. सुभेदारसाहेबांमुळे. त्यांचे वडील ११० व्या मराठा पलटणीत होते. ही पलटण मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) कुतच्या वेढ्यात अडकली, २९ एप्रिल १९१६ ला उपासमारीने शरण जावे लागले. वेढ्याआधी बसऱ्याहून आलेली वडिलांची मोडीतली पत्रे सुभेदारसाहेबांनी धोतराच्या फडक्यात बांधून स्वतः वाचनालयात आणून दिली. गुडघे दुखत असताना जिना चढून आले होते. पहिले लोखंडी कपाटही त्यांच्याच पेन्शनीतले.

मराठी शाळेच्या निवृत्त बाईंचे ऋण तर फिटणारे नाही. त्यांच्या वडिलांनी, आपल्या गुरुजींनी, १९६५ आणि १९७१ च्या लढायांत कितीतरी मायबहिणींची पत्रे लिहून दिली. जवानांनी ती जपून रजेवर परत आणली, म्हणून वेगवेगळ्या घरांतून जमलेल्या पत्रांत अक्षर एकच दिसते. ‘इकडील सर्व खुशाल’ असे लिहून खाली म्हैस व्याली, बांधाचा तंटा मिटला, पोरगं चालू लागलं. पत्ता म्हणजे नंबर, हुद्दा, नाव आणि ‘द्वारा ५६ एपीओ’, म्हणजे लष्कराचे टपाल कार्यालय. धनी काश्मीरात आहेत की पंजाबात, हे त्यावरून कळायचे नाही. तार आली की मात्र गुरुजींना शेतातून बोलवावे लागे, कारण ती इंग्रजीत असे. ते येईपर्यंत ती माउली कागद हातात धरून ओट्यावर बसून राही. रजा मंजूर झाल्याची तार असली तरी तोवर चूल पेटत नसे. १५ जुलै २०१३ ला तारसेवाच बंद झाली. आता घरात असलेल्या तारा तेवढ्याच उरल्या.

मन दुखते ते सांगतो. मागच्या वर्षी ग्रामसभेत हेच आवाहन केले, तीन घरे पुढे आली. नंतर कळले की एका घरची अख्खी ट्रंक रद्दीत गेली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांचे सेन्सॉरने काढलेले उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही जपून ठेवलेले आहेत. संशयाने वाचणाऱ्यांनी उतारे जपले, आणि आपल्याकडची मूळ पत्रे किलोवर विकली जातात. यंदाच्या पावसात वाचनालयाचे छप्पर गळले. कॉपिंग पेन्सिलने लिहिलेल्या पत्रांना ओल लागली की अक्षरे जांभळी होऊन पसरतात. एक गठ्ठा तसाच गेला. तो मी स्वतः वाळत घातला होता. काही ओळी शाबूत राहिल्या, बाकी डाग.

घरातले कर्ज, भाऊबंदकी चव्हाट्यावर येईल अशी काहींना भीती वाटते. ती रास्त आहे. एका वहिनींनी दोन पत्रे कोणाला दाखवायची नाहीत या अटीवर दिली. ती बंद पाकिटात आहेत, मीही वाचलेली नाहीत.

छप्पर, दोन कपाटे, आम्लविरहित कागदाची पाकिटे आणि स्कॅनर मिळून अंदाजे ८०,००० रुपये लागतील. मुंबईकर मंडळींनी १५,००० दिले आहेत, त्यांचे मनापासून आभार. रक्कम कितीही चालेल, पावती लगेच मिळेल. पत्रे स्कॅन करून आठ दिवसांत परत. कायमची दिल्यास उत्तमच. मोडी वाचणारे कोणी असतील तर कृपया पुढे यावे, सुभेदारसाहेबांचा निम्मा गठ्ठा अजून वाचायचा आहे. कॉलेजच्या मुलांनी रविवारी स्कॅनिंगला यावे. वाचनालय रोज सायंकाळी ५ ते ८. १६ डिसेंबरच्या विजय दिवसाआधी पत्रे कपाटात लागायला हवीत.

आपला नम्र,
सचिव

ता. क. पत्रांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, वर बॉलपेनने नावे घालू नका. घड्या उलगडत नसतील तर ओढू नका. आहेत तशी सुती कापडात गुंडाळून आणा. येणे जमत नसेल तर निरोप द्या, मी घरी येईन.