मंद्या, आधी बेओल्को वाच

प्रिय मंद्या,

परवा फोनवर तू म्हणालास, इटलीतली ती मुखवट्यांची कॉमेडी म्हणजे स्टेजवर जाऊन सुचेल ते बोलायचं, बस्स. तू घाईत होतास म्हणून गप्प बसलो, पण तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

अरे, सुरुवात करायची तर इटलीतल्या पादुआ शहरातल्या आन्जेलो बेओल्को या नाटककार-नटापासून कर. जन्म साधारण १४९६ चा, डॉक्टर बापाचा अनौरस मुलगा. आल्विझे कोर्नारो नावाच्या श्रीमंत मित्राच्या जमिनींचा कारभार बघायचा, त्यामुळे शेतकऱ्यांची बोली कानात मुरलेली. बाकीचे लेखक जुन्या रोमन नाटकांच्या वळणावर लिहीत होते आणि हा गडी थेट पादुआच्या खेड्यातली भाषा स्टेजवर घेऊन आला, वर रुझांते नावाचा शेतकरी स्वतःच करायचा, इतक्या वेळा की लोक त्यालाच रुझांते म्हणायला लागले.

त्याच्या एका नाटकातला तो लढाईवरून परतलेला रुझांते मनाला फार लागतो रे. लूट आणायला गेलेला माणूस फाटक्या कपड्यात, उवा घेऊन व्हेनिसला येतो, तर बायको न्युआ दुसऱ्याकडे राहतेय. ती सरळ सांगते, पोटाला रोज लागतं. मग त्या दुसऱ्याकडून हा बेदम मार खातो, आडवा पडून राहतो, आणि उठल्यावर मित्राला सांगतो की मारणारे शंभर होते! लोक हसत असतील, पण त्या हसण्याखाली भूक आहे मंद्या, खरीखुरी भूक. पुढे मुखवट्यांच्या नाटकात सतत भुकेला असणारा नोकर झान्नी येतो ना, बेर्गामोकडून पोटासाठी आलेला, तो मला याचाच भाऊबंद वाटतो.

आता बेओल्कोची नाटकं लिहिलेली होती, हे खरं. पण त्याच्या मंडळीत तोच नट पुन्हा पुन्हा तेच पात्र करायचा, आणि माझ्या मते गोम इथेच आहे. जन्मभर एकच पात्र केलं की ते कुठल्या प्रसंगात काय बोलेल हे वेगळं लिहून द्यावं लागत नाही. पुढच्या मंडळ्यांकडे कथेचा नुसता आराखडा असायचा, पण पान्तालोने म्हणजे कंजूष म्हातारा व्यापारी, दोत्तोरे म्हणजे पांडित्य मिरवणारा विद्वान, ही पात्रं ठरलेली, भाषणं आणि लाद्झी म्हणजे हशाचे तुकडे घोटून तयार. मुखवटाही चामड्याचा, अर्धाच, बोलायला तोंड मोकळं. म्हणजे आयत्या वेळी सुचायचं ते असल्या तयारीवर.

बेओल्को १५४२ मध्ये गेला. तीन वर्षांनी, २५ फेब्रुवारी १५४५ ला, त्याच पादुआत आठ नटांनी नोटरीपुढे करार केला. गावोगाव खेळ करायचे, सामान वाहायला सामायिक खर्चाने घोडा घ्यायचा, कोणी आजारी पडला तर सगळ्यांच्या पैशातून औषधपाणी, आणि पैशाच्या पेटीला तीन किल्ल्या, तिघांकडे! मला तो घोडा डोळ्यासमोर दिसतो रे. पोटासाठी नाटक करणारी माणसं होती ही.

पुढच्या वेळी भेटलास की न्युआचा तो सगळा प्रवेश वाचून दाखवतो. वेळ काढून ये.

तुझा,
बाळ्या